हजेरीपत्रक आणि विरार लोकल

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे 60 किलोमीटर असल्याने वसई-विरारच्या नोकरदाराच्या शिस्तीची परीक्षा कचेरीत पाऊल ठेवण्यापूर्वीच, फलाटावर, सुरू होते. बसायला जागा मिळावी म्हणून नालासोपाऱ्याचा प्रवासी आधी उलट दिशेने विरारला जातो, त्याच गाडीत ठाण मांडून परत फिरतो, आणि एवढा खटाटोप करूनही गाडी रखडलीच तर मस्टरवरील लाल शेऱ्याचा धनी होतो.

वेळेवर हजर तोच कर्तव्यदक्ष, हा शिरस्ता गिरण्यांच्या भोंग्यांनी आणि सरकारी दप्तरांनी आपल्याकडे रूढ केला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे सामान्य प्रवाशांची लोकल बंद झाली, तेव्हा ज्यांचे काम संगणकावरचे होते त्यांची दप्तरे घरी आली, आणि बरीचशी कामे पुरी होतही राहिली. पुढे 2023 च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेने मुंबईतील आपल्या मुख्यालयाच्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन निरनिराळ्या वेळा ठेवल्या, व गर्दी विभागावी म्हणून इतर आस्थापनांसही तशी विनंती केली.

वसईतील वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगारास मात्र ही मुभा कोण देणार? पुढच्या पाळीचा माणूस आल्याखेरीज आधीच्याची सुटका नाही. तेथे वक्तशीरपणा हा सोबत्याच्या हक्काचाच प्रश्न आहे. तोच दंडक मेजावरच्या कामास सरसकट लावणे मला अन्यायाचे वाटते. वरिष्ठांनी कामाचा चोख हिशेब मागावा, ठरल्या वेळी दूरध्वनीवर उत्तर मिळण्याचा आग्रहही अवश्य धरावा. परंतु दहा मिनिटांच्या विलंबावरून विरारकराची लायकी ठरवू नये.