समुद्राची ओढ आणि पाणबुड्यांची सावधगिरी

ज्याला पोहतां येतें त्याला समुद्राचें भय नाहीं, असा समज सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. नदीच्या डोहांत तो कदाचित् खरा ठरेल. परंतु जेथें एका महासागराचें पाणी चिंचोळ्या वाटेनें दुसऱ्यांत शिरतें, तेथें उत्तम पोहणाऱ्याचें बळही तोकडें पडतें. इंडोनेशियांतील कोमोडो बेटांचा परिसर हें याचें ठळक उदाहरण होय.

सुंबावा व फ्लोरेस या मोठ्या बेटांच्या दरम्यान कोमोडो, रिंका, पादार इत्यादि बेटें पसरलेलीं आहेत. पॅसिफिक महासागराची पातळी येथें हिंदी महासागरापेक्षां किंचित् उंच असते. त्यामुळें बेटांमधील सामुद्रधुन्यांतून पाणी दक्षिणेकडे लोटतें. त्यांत भरती-ओहोटीची भर पडते. अरुंद खिंडींत शिरतांना पाण्याचा वेग वाढतो. बुडालेल्या खडकावर आदळून कांहीं पाणी वर उसळतें, कांहीं कड्यावरून खालीं कोसळतें, आणि खडकापलीकडे भोवरे उठतात. याच खळबळीमुळें खोल पाण्यांतील पोषक द्रव्यें वर येतात व प्रवाळ आणि मासे यांची समृद्धि तेथें नांदते. जें वैभव पाहण्यासाठीं पाणबुडे जगभरांतून येतात, तें आणि धोका हीं दोन्ही एकाच प्रवाहाचीं फळें आहेत.

जून २००८ मध्यें पांच युरोपीय पाणबुडे येथें पाण्याखालीं उतरले. ते वर आले तेव्हां त्यांची होडी जवळ नव्हती. प्रवाह त्यांस तासन् तास वाहून नेत राहिला. परंतु त्यांनीं एकमेकांची साथ सोडली नाहीं. रात्र पडल्यावर ते रिंका बेटाच्या किनाऱ्यास लागले. तेथें अन्न म्हणून खडकावरचे शिंपले, आणि सोबतीस कोमोडोची ती सुप्रसिद्ध अजस्र घोरपड! दगड फेकून तिला दूर ठेवावें लागलें. तिसऱ्या दिवशीं शोध करणाऱ्यांना ते सांपडले. पांचहीजण जिवंत होते.

अशा प्रसंगीं प्रवाहापेक्षां त्याच्याशीं मांडलेली झुंजच अधिक घातक ठरते. पाठीवर हवेचें नळकांडें घेतलेल्या माणसास ताशीं दोन किलोमीटर वेगाच्या प्रवाहाविरुद्धही फार वेळ टिकतां येत नाहीं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय २० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासास पृष्ठभागाच्या तिप्पट हवा खर्च होते. दमछाक, धाप आणि मग घाबरगुंडी, या क्रमानें अनर्थ ओढवतो. म्हणून जाणता पाणबुडा प्रवाहाबरोबर जातो, किंवा खडकाच्या आडोशास अथवा तळालगत, जेथें ओढ कमी असते तेथें, विसावतो. पाणी खालीं ओढूं लागलें, सोडलेले बुडबुडेही खालीं जातांना दिसले, तर त्यानें कड्यापासून दूर, आडवें पोहावें. जाकिटांत हवा भरावी. परंतु ओढ सुटतांच ती सोडण्यास सिद्ध असावें, नाहीं तर देह वेगानें वर फेंकला जातो. वर येतांना श्वास कधींही रोखूं नये. १० मीटरांवरून पृष्ठभागीं येईपर्यंत छातींतील हवा दुप्पट फुगूं पाहते, आणि फुप्फुस फाटण्याचें भय असतें. मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेग नको, आणि ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, हा सर्वमान्य दंडक आहे.

खरी सावधगिरी मात्र होडींतच सुरू होते. कोंकणांतील कोळी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास आणि अष्टमीच्या सुमारच्या भांगास निराळें ओळखतात. पाणबुड्यासही तेंच ज्ञान हवें, कारण उधाणांत ओढ सर्वांत प्रबळ असते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं पाणी जेथें थबकतें, तेथें तीच वेळ उतरण्यास साधावी. आणि ती वेळही ठिकाणागणिक बदलते, म्हणून स्थानिक नावाड्याचा शब्द कोष्टकाहून प्रमाण मानावा. प्रत्येकाजवळ भडक रंगाचा उंच रबरी फुगा, शिटी, आरसा व दिवा असावा. कारण लाटांमधलें माणसाचें डोकें थोड्या अंतरावरूनही दिसत नाहीं. होडीवाल्यानें बुडबुड्यांचा माग सोडूं नये, आणि वर किती वाजतां यायचें हें आधींच ठरलेलें असावें.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरही आतां हौशी तरुण मंडळी पाण्याखालचें जग पाहण्यास उतरतात. तेथील पाणी कोमोडोइतकें उग्र नसेल. पण समुद्राचा स्वभाव तोच आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांस अडवूं नये. वाटाड्यानें "आज नको" म्हटल्यास परत फिरण्यांत कमीपणा नाहीं, एवढें मात्र निघण्यापूर्वीं त्यांच्या मनावर बिंबवावें.