ऐकू न येणारे मूल 'ढ' नव्हे



मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, वर्गात लक्ष देत नाही, अशी तक्रार खडकवासला परिसरातील पालक आमच्याकडे घेऊन येतात. नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्यास कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकते. मग ऐकू न येणारे मूल 'ढ' ठरते. पुष्कळदा ही ग्रंथी वयानुसार आपोआप आक्रसते; त्यामुळे शस्त्रक्रिया प्रत्येकास लागत नाही. मात्र डॉक्टरांनी ती सुचविल्यावर केवळ खर्चापायी लांबणीवर पडू नये, ही आमची जबाबदारी होय. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य, तर 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. पालकांनी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन नि:संकोच यावे. उरलेला भार देणगीदारांनी आजवर उचलला आहे.