गारठ्यातला जन्म

पौषात बेज्जूरला रात्री अंगणात उभं राहावं. पलीकडे प्राणहिता, तिच्यापल्याड गडचिरोली. दिवे थोडे आणि जंगल गर्द. समोर मृग नक्षत्र. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आपण ओळखतो. गोंड लोकांना तिथं नांगर दिसतो. त्या बाणाच्या दक्षिणेला एक पुसट डाग आहे. तो तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. त्याच्यामागच्या काळ्या ढगात आजही तारे जन्मताहेत.

तारा धगधगता, म्हणून त्याचा जन्मही आगीतच होत असेल असं वाटतं. पण त्या ढगात तापमान असतं उणे २६० अंशांच्या आसपास. तारे घडतात त्या दाट गाभ्यांतही घनसेंटिमीटरमागे रेणू फार तर काही लाख. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत दोनशेहून अधिक परार्ध!

गुरुत्वाकर्षण हा वायू आत ओढतं. धावणारे रेणू बाहेर रेटतात, तो वायूचा दाब. वेचलेल्या कापसाचा ढीग दाबला तरी हात काढताच फुगतो, तसं. रेणू तापले की जोर वाढतो, म्हणून थंडी हवी. जेम्स जीन्स यांनी १९०२ साली गणित मांडलं: वायू जितका थंड आणि दाट, तितकं कमी वस्तुमान कोसळायला पुरतं.

पण दाबलेला वायू तापतो; सायकलचा पंप मारताना हाताला कळतंच. मग कोसळणं थांबत का नाही? निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, म्हणून आदिलाबादकडे हिवाळ्यात एवढं गारठतं. आभाळ भरलं की रात्र उबदार. तारे जन्मतात त्या ढगाचंही असंच. सुरुवातीला तो विरळ, उष्णता अदृश्य किरणांतून निसटते, दाब पुरेसा वाढत नाही, गुरुत्वाकर्षण जिंकत राहतं. मला यात फार सौंदर्य दिसतं. तारा व्हायला आधी ऊब सोडावी लागते.

पुढे गाभा इतका दाटतो की धूळच गोधडी होते. उष्णता अडते, दाब उसळतो. कोसळणं मंदावतं, केंद्र तापत जातं आणि सुमारे एक कोटी अंशांवर हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. गुरुत्वाकर्षण आणि दाब यांच्यातला हा तोल आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षं सांभाळतो आहे.

ढगातला बहुतेक वायू मात्र तारा होतच नाही. आतली घुसळण, चुंबकीय क्षेत्रं आणि नवजात ताऱ्यांचे झोत त्याला उधळतात. अख्ख्या आकाशगंगेत वर्षाला एखाददोन सूर्यांएवढाच वायू ताऱ्यांत उतरतो.