पायवाट कोणाची?
(अभ्यासवर्गातील भाषण)



ईडेल हे इंग्लंडमधील डर्बिशायर परगण्यातले लहानसे खेडे. येथून ‘पेनाइन वे’ ही पायवाट निघते व २६८ मैलांनंतर स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोम येथे संपते. तिच्या पहिल्याच दिवसाची चाल, ईडेल ते क्राउडन, सुमारे १६ मैलांची आहे. या एका दिवसाच्या वाटेवर ब्रिटिश कामगार चळवळीचा बराच इतिहास तुडवावा लागतो, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

कुरणे मागे टाकून जेकब्ज लॅडरचा चढ चढला की माणूस किंडर स्काउटच्या पठारावर येतो. उंची ६३६ मीटर. झाड नाही, आडोसा नाही; वारा आणि पीट, म्हणजे हजारो वर्षे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाय गिळणारा थर. पुढे स्नेक खिंडीचा हमरस्ता ओलांडून ब्लीकलोचे तसेच उजाड माळ, आणि शेवटी लाँगडेंडेलच्या जलाशयांकडे उतार. एका अंगाला मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला शेफील्ड. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगाराला रविवारी मोकळी हवा मिळायची ती येथेच. परंतु १९३२ साली हे पठार त्याला बंद होते. ग्राउस पक्ष्यांची शिकार वर्षातून काही आठवडे चाले. तेवढ्यासाठी बारमाही पहारेकरी ठेवलेले असत.

२४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे कामगार हेफील्डहून हे पठार चढले. पहारेकऱ्यांशी झटापट झाली. पाचजणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. परक्याच्या जमिनीवर नुसते पाऊल टाकणे त्या वेळी फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंग्याचे आणि मारहाणीचे आरोप ठेवले गेले. ही युक्ती आपल्याही कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे!

पदभ्रमण संघांच्या तत्कालीन पुढाऱ्यांनी मात्र या कृतीचा निषेध केला. वाटाघाटी बिघडतील, असे त्यांचे म्हणणे होते. वाटाघाटींचा हिशेब काय होता? डोंगर खुले करण्याचे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्येच मांडले होते. अर्धे शतक अर्ज-विनंत्यांत गेले, आणि १९३९ मध्ये जो कायदा झाला तो इतका छाटलेला होता की काही परिस्थितीत चालणाराच त्यान्वये गुन्हेगार ठरे. तरी चिकाटीच्या विधायक कामाला मी कमी लेखत नाही. टॉम स्टीफन्सन पहिल्या महायुद्धात युद्धविरोधासाठी तुरुंगात गेलेले. ‘डेली हेरल्ड’ या मजूर पक्षाच्या पत्रात १९३५ साली त्यांनी या दीर्घ पायवाटेची कल्पना मांडली. १९४९ मध्ये मजूर सरकारचे मंत्री लुइस सिल्किन यांनी राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणला, आणि २४ एप्रिल १९६५ रोजी पायवाट पुरी झाली. एका लेखापासून तीस वर्षे!

आज या वाटेवर दलदलीत पाय रुतू नये म्हणून दगडी फरशा टाकल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. ज्या फरशीवर कामगार दिवसभर उभा राहिला तीच आता चालणाऱ्याच्या पायाखाली आहे. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. तेथे चालायला पहारेकऱ्याची परवानगी लागते.

इंग्लंडमधील विजयही अपुराच आहे. २००० सालच्या कायद्याने मिळालेला मुक्त संचाराचा हक्क तेथील सुमारे आठ टक्के भूमीपुरताच आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ साली तो जवळजवळ सर्व भूमीवर दिला. जमीनधारणेची चर्चा आपण बहुधा कसणाऱ्याच्या हक्कापाशी थांबवतो. गायरान, पाणंद, नदीकाठ यांवरून जाण्याचा, गुरे नेण्याचा हक्क आपल्या ठरावांत क्वचितच येतो. येथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने पुढील बैठकीपूर्वी आपल्या गावाचा नकाशा तलाठ्याकडून पाहून घ्यावा, आणि त्यात दाखविलेल्या पाणंदी प्रत्यक्ष चालून याव्यात. कोठे कुंपण आडवे आले, ते लिहून आणावे.