भिवंडीचं ऑक्टोबरचं आकाश

मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. पण त्या आठवड्यात भिवंडीत छत्री घरी ठेवावी की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू नये!

सकाळी उंचावर पांढऱ्या, पिसांसारख्या रेघा दिसतात. ते सिरस ढग. सहा किलोमीटरहून अधिक उंचीवर, बर्फाच्या बारीक कणांचे. त्यांतून आपल्यापर्यंत थेंबही पोचत नाही. दहा-अकराच्या सुमारास सपाट तळाचे, फुगीर क्युम्युलस तरंगू लागतात. ते पसरट राहिले तर दुपार नुसती घामाची.

उंच वाढू लागले, तर मात्र पूर्वेकडे शहापूर-माहुलीच्या बाजूला बघा. जमीन तापलेली, खाडीकडून येणारी हवा दमट, आणि सह्याद्री त्या हवेला वर ढकलतो. त्यातून बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा, ऐरणीसारख्या सपाट माथ्याचा क्युम्युलोनिम्बस उभा राहतो. या दिवसांत वरचा वारा बहुधा पूर्वेचा, म्हणून घाटातला ढग संध्याकाळी आपल्याकडे सरकतो. कल्याणला धो धो, आणि अंजूरफाट्याला रस्ता कोरडा, असंही घडतं. वाळत घातलेल्या कपड्यांचं काय करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर. गडगडाट ऐकू आला, तर गच्चीवर थांबू नका, झाडाखालीही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच राहा.