स्पिटफायरची काडतुसे

1940 साली इंग्लंडच्या आकाशात जे तुंबळ युद्ध झाले, त्यात लढणाऱ्या बहुतेक स्पिटफायर विमानांच्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन असत आणि प्रत्येकीच्या वाट्यास 300 काडतुसे येत; म्हणजे वैमानिकाच्या पदरी मारा तो अवघ्या 15 सेकंदांच्या आसपासचा! विमान उतरताच शस्त्रविभागाची माणसे पंखाखाली शिरत, रिकाम्या पेट्या काढून भरलेल्या बसवीत, पट्ट्याचे टोक बंदुकीत ओवीत, आणि ओल व धूळ आत शिरू नये म्हणून बंदुकांच्या तोंडांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवीत. साध्या गोळ्यांच्या जोडीला चिलखतभेदक व आगलाव्या गोळ्याही असत. याच युद्धातल्या हरिकेन या दुसऱ्या लढाऊ विमानाच्या बंदुका चार-चारांच्या जुडग्याने बसविलेल्या असल्याने तेथे हे काम लवकर उरके. स्पिटफायरच्या विखुरलेल्या बंदुका मात्र, विमानाचे देखणेपण कितीही वाखाणले तरी, या मंडळींचा अंत पाहत.