कापडाला न धरणारा टाका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. हातात सुई असली म्हणजे बोलणे सुचते, म्हणून आज सुई-दोरा घेऊनच उभी राहिले आहे. 'सुटा काजटाका' ह्या विषयावर चार शब्द सांगावेत अशी मंडळाची आज्ञा आहे.

नाव नवीन वाटले तरी टाका ओळखीचा आहे. पोलक्याचा हुक अडकवायला आपण दोऱ्याचे घर करतो ना? तीन-चार दोरे आडवे टाकतो आणि त्यांच्यावर काजाचे टाके घट्ट बसवीत जातो. त्या वेळी सुई कापडात जात नाही, दोऱ्याखालून जाते. हाच तो सुटा काजटाका! घर एका ओळीत संपते, भरतकामात ओळीखाली ओळ लावायची, एवढाच फरक.

पान भरायचे असेल तर आधी त्याच्या रेघेवर उलटी टीप घालून घ्यावी. पहिली ओळ त्या टिपेत अडकवावी, दुसरी पहिलीच्या फासांत, तिसरी दुसरीच्या. कडांना आणि शेवटी तेवढे टिपेला धरावे. पाकळी उठावाची हवी असेल तर कडा मोकळ्याच सोडाव्यात; ती मुळाशी धरलेली राहते आणि वर उचलून दिसते. वीण सैल वाटली तर परतताना एक दोरा सरळ आडवा आणावा व पुढचे टाके त्यालाही धरून घ्यावेत. सुई बोथट टोकाची घ्यावी. नसेल तर नेहमीच्याच सुईचे नेढे पुढे करावे, म्हणजे दोरा टोचून फाटत नाही. दोरा पिळाचा हवा, आणि ओळीच्या मध्यात संपता कामा नये, कारण तिथे गाठ लपवायला कापडच नाही. (आपला जिल्हा कापसाचा, पण भरायच्या दोऱ्याची लडी बाहेरगावाहून यायची, ही एक गंमतच.)

इटलीतल्या व्हेनिस शहरी १६ व्या शतकात ह्याच टाक्याने, कापडाशिवाय, जाळी विणीत. तिच्या तिकडच्या नावाचा अर्थच 'हवेतले टाके' असा आहे. पण इतक्या लांब कशाला जा? पुसद तालुक्यातले गहुली, म्हणजे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री असलेल्या वसंतरावजी नाईकांचे गाव. ह्या पुसद-दिग्रस भागातल्या बंजारा बायांची जुनी कांचळी जवळून पाहा. आरशाला भोक नसते. त्यावर उभे-आडवे दोरे ताणून चौकट करतात, मग गोल फिरत एकदा चौकटीच्या दोऱ्याला, एकदा कापडाला असा टाका घेतात. अर्धा टाका कापडावर, अर्धा हवेत. दोरे कडेकडे ओढले जातात आणि आरशाची धार झाकून जाते. बाजारातले चिकटवलेले आरसे चार धुण्यांत गळतात. हे वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत.

मला हे दाखवले आमच्या शेजारच्या तांड्यावरच्या याडीने. याडी म्हणजे आई. तिच्या सुना साडी नेसतात, नाती ड्रेस घालतात. फेटिया-कांचळी लग्नकार्यापुरती उरली. एक फिरता व्यापारी तिची कांचळी भांड्याच्या बदल्यात मागत होता. तिने दिली नाही. म्हणाली, "ही भरायला मला दोन पावसाळे लागले."

आता आपण तिच्याकडून फुकट शिकायचे आणि पिशव्या भरून मंडळाच्या नावाने विकायच्या, तर आपण त्या व्यापाऱ्याहून वेगळ्या कशा? शिवणवर्गाच्या बाईंना मंडळ जे मानधन देते तेच याडीला द्यावे, असे माझे मत आहे. काही भगिनींना ते पटत नाही. याडीला लिहिता-वाचता येत नाही, असे त्या म्हणतात. मला वाचता येते, पण तिच्यासारखा आरसा माझ्या हाताने अजून बसत नाही.

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तेव्हा सुई आपण ओवून द्यायची. कापसाची वेचणी लागली की सुना रानात जातील, मग नातवंडांना टाकून तिला येता येणार नाही. वर्ग त्याआधी व्हावा. कार्यकारिणीने ह्या आठवड्यात काय ते ठरवावे. ज्यांना टाका आजच पाहायचा असेल त्यांनी चहा झाल्यावर माझ्याजवळ बसावे. सुया दहा आणल्या आहेत.